सहावे प्रकरण आणि सोळावे प्रकरण : 'लिनक्स कर्नल डेव्हलपमेंट'मधील डेटा स्ट्रक्चर-विचाराची चिकित्सा

रॉबर्ट लव्ह यांचा 'लिनक्स कर्नल डेव्हलपमेंट' हा ग्रंथ बी.सी.ए., बी.एस्सी. (संगणकशास्त्र) व एम.सी.ए.च्या वर्गांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकविणाऱ्या अध्यापकांना नवा नाही. त्याची पहिली आवृत्ती २००३ साली, दुसरी २००५ साली व तिसरी २०१० साली प्रसिद्ध झाली. तिसरी आवृत्ती कर्नलच्या २.६.३४ या आवृत्तीवर आधारलेली आहे. दुसऱ्या आवृत्तीत लिंक्ड लिस्ट आणि अल्गोरिदमची गुंतागुंत हे दोन विषय परिशिष्टात टाकलेले होते. तिसऱ्या आवृत्तीत त्यांना बढती मिळून 'कर्नलमधील डेटा स्ट्रक्चर्स' हे स्वतंत्र सहावे प्रकरण झाले. लिंक्ड लिस्ट, क्यू, मॅप आणि बायनरी ट्री अशा चार रचना, त्यानंतर कोणती रचना केव्हा वापरावी याविषयीचा छोटा विभाग आणि शेवटी बिग-ओ, असा या प्रकरणाचा क्रम आहे. (डेटा स्ट्रक्चरला मराठीत 'विदा-संरचना' म्हणावे असा आग्रह काही जण धरतात. वर्गात तो शब्द कोणी उच्चारल्याचे आम्ही ऐकलेले नाही, म्हणून येथे रूढ शब्दच ठेवला आहे.)

हे प्रकरण आपल्या विद्यार्थ्यांना जसेच्या तसे वाचावयास द्यावे काय, असा प्रश्न अनेक अध्यापक विचारतात. कारण उघड आहे. आपल्या अभ्यासक्रमात डेटा स्ट्रक्चर हा विषय दुसऱ्या वा तिसऱ्या सत्रात संपतो, ऑपरेटिंग सिस्टिम नंतर येते, आणि या दोन विषयांची गाठ कोठेच पडत नाही. हे प्रकरण ती गाठ घालून देईल अशी अपेक्षा असते. आमचे मत असे की, पहिल्या निम्म्या भागात ही अपेक्षा उत्तम रीतीने पुरी होते. निवडीच्या भागात मात्र ती पुरी होत नाही, आणि एका ठिकाणी तर लेखक स्वतःच्याच ग्रंथाच्या विरोधात जातात.

प्रथम जे चांगले आहे ते सांगितले पाहिजे. पाठ्यपुस्तकात लिंक्ड लिस्ट शिकविताना आपण नोड नावाची डबी करतो, तिच्यात माहिती ठेवतो आणि पुढच्या डबीचा पत्ता ठेवतो. कर्नलमध्ये याच्या उलट केले जाते. 'लिस्ट-हेड' ही फक्त दोन पॉइंटरांची जोडी असते आणि ती मूळ वस्तूच्या पोटात बसविलेली असते. पोटातल्या जोडीवरून बाहेरच्या वस्तूचा पत्ता काढण्यासाठी 'कंटेनर-ऑफ' हा मॅक्रो वापरतात. लव्ह यांनी ही उलटापालट जितक्या सोप्या शब्दांत समजाविली आहे तितकी ती फार थोड्या पुस्तकांत आढळते. यादी चक्राकार व दुहेरी असल्यामुळे नोड काढताना डोके शोधावे लागत नाही आणि 'शेवट आला काय' अशी तपासणीही करावी लागत नाही, हेही नीट उलगडले आहे.

परंतु या उलट्या रचनेचा कर्नलमधील सर्वांत मोठा फायदा प्रकरणात जितका ठसावयास हवा तितका ठसत नाही. नोड वस्तूच्या पोटातच असल्यामुळे ती वस्तू यादीत घालताना नवीन मेमरी मागावी लागत नाही. आपल्या प्रयोगशाळेतील सी प्रोग्राममध्ये 'मॅलॉक' अपयशी ठरण्याचा प्रसंग जवळजवळ येतच नाही, त्यामुळे विद्यार्थी त्याचा परतावा तपासतसुद्धा नाहीत. कर्नलमध्ये मेमरीची मागणी फेटाळली जाऊ शकते. इंटरप्ट हाताळणारा कोड मेमरीसाठी झोपून वाट पाहू शकत नाही. स्पिनलॉक हातात असतानाही तीच अडचण. वस्तू यादीत घालणे ही क्रिया कधीच अपयशी ठरू शकत नाही, ही हमी कर्नलच्या लेखकाला ओ(१) या अक्षरांपेक्षा अधिक मोलाची असते. हीच हमी रेड-ब्लॅक ट्रीलाही लागू आहे, कारण त्याचा नोडही वस्तूच्या पोटातच बसतो.

येथे आपल्या नेहमीच्या परीक्षेतील एक प्रश्न घेऊन पाहू. ज्या समूहातून दर वेळी सर्वांत लहान घटक काढावयाचा आहे त्यासाठी कोणती रचना वापराल? विद्यार्थी 'हीप' असे लिहितो आणि पूर्ण गुण मिळवितो. लिनक्सचा सीएफएस हा शेड्युलर (२.६.२३, ऑक्टोबर २००७) नेमके हेच काम करीत असे : ज्या प्रक्रियेला आतापर्यंत सर्वांत कमी भारित वेळ मिळाला आहे ती निवडावयाची. तरीही त्याने रेड-ब्लॅक ट्री घेतला आणि सर्वांत डावीकडच्या नोडचा पत्ता वेगळा जपून ठेवला, जेणेकरून तो शोधावा लागू नये. लव्ह यांनी चौथ्या प्रकरणात हे वर्णन केले आहे, पण हीप का नाही हा प्रश्न ते विचारीत नाहीत. ॲरेवरचा हीप वाढू लागला की मोठा ॲरे मागावा लागतो, आणि तोही शेड्युलरचे लॉक धरलेले असताना. किती प्रक्रिया येतील याची आगाऊ मर्यादा नसते. ट्रीचा नोड प्रक्रियेच्या पोटात असल्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. आता याच शेड्युलरच्या शेजारची फाइल पाहावी. डेडलाइन शेड्युलर २०१४ साली ३.१४ आवृत्तीत आला. त्यात कोणत्या सीपीयूवर सर्वांत लांबची मुदत असलेले काम चालू आहे हे ठेवण्यासाठी चक्क ॲरेवरचा हीपच वापरलेला आहे. कारण तेथे घटक म्हणजे सीपीयू, आणि सीपीयूंची संख्या यंत्र सुरू होतानाच ठाऊक असते. ॲरे एकदाच घेतला की काम भागले. दोन्ही ठिकाणी 'किमान वा कमाल काढा' हीच क्रिया, बिग-ओ जवळपास सारखाच, आणि निवड मात्र वेगळी. डेटा स्ट्रक्चरच्या तासाला याहून चांगली जोडी मिळणे अवघड आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. रेड-ब्लॅक ट्रीमध्ये शोध कसा घ्यावा हे दाखविताना लव्ह प्रत्यक्षातले उदाहरण म्हणून पेज कॅशचा शोध देतात : प्रत्येक फाइलचा स्वतःचा रेड-ब्लॅक ट्री आहे, आणि फाइलमधील पानाचा क्रमांक ही त्याची किल्ली आहे. हा नमुना कर्नलच्या रेड-ब्लॅक ट्रीच्या हेडर फाइलमधील टिप्पणीत होता आणि तेथून तो ग्रंथात आलेला दिसतो. परंतु ज्या २.६.३४ आवृत्तीवर ग्रंथ आधारलेला आहे, तिच्यात पेज कॅश रेड-ब्लॅक ट्रीवर चालत नव्हता; तो रेडिक्स ट्रीवर चालत होता. आणि हे सांगणारा साक्षीदार दुसरा कोणी नसून याच ग्रंथाचे सोळावे प्रकरण आहे! तेथे पेज कॅश रेडिक्स ट्रीवर कसा उभा आहे हे लव्ह यांनी व्यवस्थित लिहिले आहे. सहावे प्रकरण वाचून थांबणारा विद्यार्थी चुकीची माहिती घेऊन जातो, आणि दोन्ही वाचणारा गोंधळतो.

ही केवळ तपशिलातील चूक असती तर तिच्यावर परिच्छेद खर्ची घातला नसता. पण पेज कॅशची रचना कशी बदलत गेली, ही निवडीच्या विषयातील सर्वांत बोलकी हकीकत आहे, आणि चुकीच्या उदाहरणामुळे नेमकी तीच सहाव्या प्रकरणातून निसटली. २.४ मालिकेत संपूर्ण यंत्रासाठी एकच जागतिक हॅश टेबल होते. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने ही आदर्श निवड : किल्ली दिली की ओ(१) मध्ये पान. ते का सोडावे लागले याची चार कारणे सोळाव्या प्रकरणाच्या एका लहानशा विभागात दिली आहेत. सगळ्या टेबलला एकच लॉक होते, त्यामुळे मध्यम आकाराच्या यंत्रावरही सीपीयू एकमेकांसाठी खोळंबत. टेबलात सगळ्या फाइलींची पाने होती, प्रत्यक्षात हवी असत एकाच फाइलीची. पान नाही हे कळण्यासाठी पूर्ण साखळी पालथी घालावी लागे, आणि कॅशच्या बाबतीत 'नाही' हे उत्तर वारंवार येते. शिवाय मेमरी जास्त लागे. या चारांपैकी एकही कारण बिग-ओच्या तक्त्यात सापडत नाही.

त्याजागी आलेल्या रेडिक्स ट्रीच्या प्रत्येक नोडला सर्वसाधारणपणे ६४ कप्पे असतात. पान ४ किलोबाइटचे धरले तर एका पातळीत २५६ किलोबाइटची फाइल मावते, दोन पातळ्यांत १६ मेगाबाइटची, तीन पातळ्यांत १ गिगाबाइटची. हे गणित फळ्यावर करून दाखवावे. पूर्णपणे कॅशमध्ये असलेल्या १ गिगाबाइटच्या फाइलीची २,६२,१४४ पाने होतात. बायनरी ट्रीत तेवढ्यांसाठी सुमारे १८ पायऱ्या उतराव्या लागतील आणि प्रत्येक पायरीला मेमरीतील नवीन, बहुधा दूरची जागा गाठावी लागेल. रेडिक्स ट्रीत ३ पायऱ्या. शिवाय वाचन बहुधा ओळीने होते, म्हणजे पुढचे पान त्याच नोडच्या शेजारच्या कप्प्यात. कोणती पाने डिस्कवर लिहावयाची राहिली आहेत याची खूण वरच्या नोडवरही ठेवता येते, त्यामुळे स्वच्छ फांद्या न उघडताच वगळता येतात. प्रत्येक फाइलीचा ट्री वेगळा झाल्याने लॉकही विभागले गेले. २००८ साली २.६.२७ पासून वाचणाऱ्याला लॉकची गरजच उरली नाही. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये ४.२० आवृत्तीत मॅथ्यू विलकॉक्स यांचा 'एक्स-ॲरे' पेज कॅशमध्ये आला. आतील रचना बरीचशी तीच, पण वापरणाऱ्याला ट्रीऐवजी आपोआप वाढणाऱ्या ॲरेसारखी दिसणारी. म्हणजे या वेळी बदल मुख्यतः वापरण्याच्या सोयीसाठी आणि चुका टाळण्यासाठी होता. हाही निवडीचा एक निकष होय, आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

रचना कोणती आणि केव्हा, या विभागात लव्ह यांचा सल्ला थोडक्यात असा : सर्व घटकांवरून फिरावयाचे असेल, अथवा घटक थोडे असतील, तर लिंक्ड लिस्ट, एक जण उत्पादन करतो आणि दुसरा वापरतो अशी मांडणी असेल तर क्यू, क्रमांकावरून वस्तू मिळवायची असेल तर मॅप, पुष्कळ माहितीत जलद शोध हवा असेल तर रेड-ब्लॅक ट्री, आणि कर्नलने दिलेले सर्व पर्याय तपासून झाल्याशिवाय स्वतःची रचना करू नये. शेवटचा उपदेश सोन्यासारखा आहे. बिग-ओ सांगतानाही लव्ह इशारा देतात की लपलेला स्थिरांक मोठा असेल तर ओ(१) सुद्धा महाग पडतो, आणि नेहमीचा आकार विचारात घेतला पाहिजे. तेव्हा ते बिग-ओचे अंधभक्त आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमची तक्रार वेगळी आहे. हा सल्ला 'माझा कोड या रचनेवर काय करणार' एवढेच विचारतो. त्याच क्षणी दुसरा सीपीयू तीच रचना वाचत असेल काय, हे विचारीत नाही. लॉकिंगवर ग्रंथात स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि ती चांगली आहेत, पण ती सहाव्या प्रकरणाशी बोलत नाहीत.

त्याचप्रमाणे किल्ली कोण ठरवितो, हाही प्रश्न सुटला आहे. हॅश टेबल सरासरीने चांगले आणि वाईट प्रसंगी ट्री चांगला, हे वाक्य मॅपच्या विभागात आहे. पण 'वाईट प्रसंग' म्हणजे दुर्दैव, असाच अर्थ विद्यार्थी घेतात. २००३ साली राइस विद्यापीठातील क्रॉस्बी व वॉलक यांनी दाखवून दिले की किल्ल्या बाहेरचा माणूस पाठवीत असेल तर वाईट प्रसंग मुद्दाम घडवून आणता येतो. त्याच वर्षी लिनक्सच्या राउटिंग कॅशच्या हॅशमध्ये हा दोष पुढे आला. नंतर हॅशमध्ये गुप्त यादृच्छिक बीज मिसळणे नित्याचे झाले; राउटिंग कॅश तर २०१२ साली ३.६ आवृत्तीत काढूनच टाकला गेला.

टायमरची गोष्टही या संदर्भात थोडक्यात नमूद करावीशी वाटते, कारण तिच्यात आपल्याकडील एक धागा आहे. टायमिंग व्हील ही कल्पना आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी जॉर्ज वर्गीस यांनी टोनी लॉक यांच्यासह १९८७ साली मांडली. नेटवर्कमधील बहुतेक टायमर वाजण्यासाठी नसतातच; उत्तर वेळेत आले की ते रद्द होतात. मग त्यांना काटेकोर क्रमाने लावण्याचे कष्ट कशाला? म्हणून चाकाच्या खणात टाकावे आणि विसरावे. ज्या टायमरांना खरोखर अचूक वेळी वाजावयाचे आहे त्यांच्यासाठी लिनक्सने २००६ साली वेगळी यंत्रणा केली आणि तेथे रेड-ब्लॅक ट्री वापरला. एकाच नावाच्या वस्तूंना दोन रचना, कारण त्यांचे आयुष्य वेगवेगळ्या रीतीने संपते.

तिसऱ्या आवृत्तीनंतरच्या काळात या विषयातील सर्वांत मोठी घटना घडली ती प्रक्रियेच्या मेमरी-विभागांच्या बाबतीत. प्रत्येक प्रक्रियेच्या पत्त्यांच्या अवकाशाचे जे तुकडे असतात, त्यांचे पंधराव्या प्रकरणातील वर्णन असे आहे : तेच तुकडे एका लिंक्ड लिस्टमध्येही आहेत आणि रेड-ब्लॅक ट्रीतही, फिरण्यासाठी यादी, शोधण्यासाठी ट्री. सहाव्या प्रकरणाच्या सल्ल्याशी हे तंतोतंत जुळते. डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीत ही यादीही गेली आणि तो ट्रीही गेला; त्यांच्या जागी बी-ट्रीच्या कुळातील 'मेपल ट्री' आला. लिअम हॉवलेट व विलकॉक्स यांचे हे काम. बिग-ओच्या तक्त्यात रेड-ब्लॅक आणि बी-ट्री एकाच ओळीत बसतात, दोन्ही ओ(लॉग एन). मग हा खटाटोप कशासाठी? एक कारण कॅशचे : २५६ बाइटच्या एका नोडमध्ये अनेक सीमा शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे ट्री बुटका राहतो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण लॉकचे. रेड-ब्लॅक ट्री समतोल साधताना फांद्या फिरवितो. त्या क्षणी लॉकशिवाय वाचणारा वाट चुकू शकतो. मेपल ट्री जुना नोड जागच्या जागी न मोडता नवा नोड तयार करून जोडू शकतो आणि जुना नोड सर्व वाचक बाहेर पडल्यावर मोकळा करतो. अनेक थ्रेडच्या प्रोग्राममध्ये एका मोठ्या लॉकपाशी होणारी गर्दी हटविण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला, आणि जून २०२३ मधील ६.४ मध्ये प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र लॉक आले.

पण ही यशोगाथा म्हणून शिकवू नये. मेपल ट्रीचा नोड वस्तूच्या पोटात नसतो. तो वेगळा मागावा लागतो, म्हणजे वर सांगितलेली 'अपयश नाही' ही हमी गेली आणि आगाऊ नोड मागून ठेवण्याची व्यवस्था करावी लागली. रेड-ब्लॅक ट्रीचा गाभा काही शे ओळींचा, तर मेपल ट्री काही हजार ओळींचा आहे. शिवाय २०२३ च्या जुलैमध्ये 'स्टॅकरॉट' या नावाने एक गंभीर सुरक्षा-दोष जाहीर झाला. प्रक्रियेचा स्टॅक खाली वाढतो तेव्हा त्या तुकड्याची सीमा बदलते. जुन्या रचनेत ही सीमा तुकड्यातच असल्यामुळे फक्त एक आकडा बदलावा लागे आणि वाचकाचे लॉक धरून ते चालून जाई. नव्या रचनेत सीमा ट्रीच्या नोडमध्येही असते. ती बदलणे म्हणजे नोडच बदलणे. लॉकचा नियम मात्र जुनाच राहिला होता. परिणामी मोकळा झालेला नोड दुसरा कोणी वाचत असण्याची शक्यता निर्माण झाली आणि ६.१ ते ६.४ या आवृत्त्यांना तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. डेटा स्ट्रक्चर बदलणे म्हणजे त्याभोवतीचे सगळे करार पुन्हा तपासणे, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

एक गंमत जाता जाता. यादीवरून फिरण्याच्या मॅक्रोत पुढचा नोड आधीच मागवून ठेवण्याची सूचना अनेक वर्षे होती. वेग वाढावा हा हेतू. २०११ साली मोजमाप केल्यावर ती उलट वेळ खाते असे आढळले आणि ती काढून टाकण्यात आली. लहान यादीच्या शेवटी शून्य पत्ता मागविला जाई आणि प्रोसेसर त्यातच अडके.

मग ग्रंथाचे काय करावे? टाकून द्यावा असे मुळीच नाही. लिंक्ड लिस्टसाठी सहावे प्रकरण अवश्य वाचावयास द्यावे. रेड-ब्लॅक ट्रीचे उदाहरण वाचून घेताना ते पेज कॅशचे नाही, केवळ नमुन्याचे आहे, असे पेन्सिलीने समासात लिहून ठेवावे. निवडीच्या विभागापूर्वी सोळाव्या प्रकरणातील जुन्या हॅश टेबलचा तो अर्ध्या पानाचा विभाग वाचून घ्यावा, आणि प्रयोगशाळेत लिनक्सच्या 'प्रॉक' निर्देशिकेतील 'मॅप्स' ही फाइल उघडून तिच्या ओळी मोजावयास लावाव्यात. साध्या 'कॅट' आज्ञेसाठी वीस-पंचवीस ओळी निघतात, ब्राउझरसाठी शेकड्यांनी. ओळींची ही तफावत पाहिल्यावर 'एन म्हणजे किती?' हा प्रश्न विद्यार्थी आपण होऊन विचारू लागतात. अंतर्गत परीक्षेत 'हीपची व्याख्या लिहा' या पाच गुणांच्या प्रश्नाऐवजी, शेड्युलरने प्रक्रियांसाठी हीप टाळला आणि सीपीयूंसाठी तोच का घेतला, हे विचारून पाहावे. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेवर आपला अधिकार नाही, अंतर्गत गुणांवर आहे.